दारात कुणी उभं होतं का? लपणातून काढलेल्या पक्षिचित्रांविषयी

(थळ येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

 

गेल्या वेळी आपण 'पाहणे म्हणजे काय' या विषयावर बोललो होतो. सभा संपल्यावर एका तरुण श्रोत्याने आम्हाला मोबाइलवर एक फोटो दाखवला. नवरंग पक्षी होता. हिरवा, निळा, पोटाखाली लाल, डोळ्यावरून काळी पट्टी. शेवाळलेल्या ओंडक्यावर उभा, मागे सगळी मऊ हिरवी धूसरता, आणि पीस न् पीस मोजून घ्यावे इतके स्पष्ट. तो म्हणाला, "सर, लपणात पाच तास बसलो तेव्हा मिळाला. आता सांगा, हे पाहणं खरं की नाही?"

आम्ही त्याला म्हटले, एका महिन्याची मुदत दे. आज ती मुदत संपली, म्हणून हा विषय.

आधी शब्दाचे बघू. इंग्रजीत ज्याला 'हाइड' म्हणतात त्याला आपल्याकडचे पक्षिनिरीक्षक 'लपण' म्हणतात. चांगला शब्द आहे. कापडाचा तंबू असो, झापांचा आडोसा असो, नाहीतर झाडावरचे मचाण असो, काम एकच. आपण पक्ष्याला पाहायचे आणि पक्ष्याने आपल्याला पाहायचे नाही. शोध मात्र फोटोवाल्यांचा नाही, शिकाऱ्यांचा आहे. आपल्याकडचे फासेपारधी शिकवलेल्या गाईच्या आडून चालत. गाय चरत चरत पुढे सरके, तित्तिर-लाव्यांना ती रोजचीच, आणि तिच्या पलीकडून माणूस फासे मांडत जाई. तिकडे इंग्लंडात रिचर्ड आणि चेरी कीर्टन या भावांनी १९०० च्या सुमारास पेंढा भरतात तसा पोकळ बैल तयार केला आणि आत कॅमेरा घेऊन माणूस बसवला. दोघांची एकमेकांशी ओळख असण्याचे काही कारण नाही, पण युक्ती तीच. पारध्याची गाय खरी आणि कीर्टन बंधूंचा बैल खोटा, एवढाच फरक. म्हणजे लपण ही मुळातच फसवणूक आहे. हे आम्ही निंदेने म्हणत नाही, वर्णन म्हणून म्हणतो. जुन्या छायाचित्रकारांची एक युक्ती तुम्हाला ठाऊक असेल: लपणात दोघांनी जायचे आणि एकाने सर्वांदेखत बाहेर पडून निघून जायचे. पक्ष्याला वाटते माणूस गेला. हिशोबात एक कच्चा राहतो, आणि तो एक आत कॅमेऱ्यापाशी असतो.

मग प्रश्न असा की फसवणुकीतून सत्य हाती लागते का? तत्त्वज्ञानाच्या वर्गात हा प्रश्न आम्ही तीस वर्षे फळ्यावर लिहिला असेल. पण त्याचे सगळ्यात चांगले उदाहरण फळ्यावर नव्हते, इथून वरच्या अंगाला किहीमला होते.

१९३० साल. डॉ. सालिम अली बर्लिनहून परतले होते. तिथे एर्विन स्ट्रेसेमान यांच्या हाताखाली पक्षिशास्त्राचे नीट शिक्षण झाले होते, आणि मुंबईत परत आल्यावर हातात नोकरी नव्हती. पत्नी तेहमिना यांच्यासह ते किहीमच्या घरी राहायला आले. पावसाळ्याचे दिवस. घराजवळ सुगरणींची वसाहत. ज्याला आज आपण 'करिअरमधली पोकळी' म्हणतो, ती त्यांनी या वसाहतीसमोर उंचावर आडोसा करून, तासन्‌तास बसून आणि वही लिहून भरून काढली. पुढच्याच वर्षी, १९३१ मध्ये, बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा सुगरणीच्या विणीवरचा लेख आला, आणि या पक्ष्याच्या संसाराची कल्पनाच बदलली.

काय दिसले त्यांना? घरटे विणतो तो नर. एक नाही, अनेक. अर्धे विणून झाले, म्हणजे घंटेसारखा आकार आला आणि खाली बोगदा अजून व्हायचा आहे, की माद्या येतात. आत शिरतात, ओढून-ताणून बघतात. एखादीला पसंत पडले तर ती ते घर ताब्यात घेते, मग नर बोगदा पुरा करतो. ती अंडी उबवायला बसली की हा गडी दुसऱ्या घरट्याच्या मागे. दुसरे घर, दुसरी मादी. एकाच हंगामात, एकामागून एक.

आता इथे जरा थांबू या. समजा, त्या वसाहतीसमोर आजच्यासारखा सहाशे मिलिमीटरची लेन्स घेतलेला फोटोवाला असता. त्याला काय मिळाले असते? एक पिवळा नर, एक मादी, एक घरटे. उत्तम प्रकाश. खाली ओळ लिहिली असती, 'सुखी संसार'. फोटोत एक रेघही खोटी नसती आणि फोटोचा अर्थ मात्र साफ चुकीचा असता. कारण सुगरणीच्या संसाराचे सत्य कुठल्याही एका क्षणात नाही. आज ही मादी, तीन आठवड्यांनी ती मादी, या दोहोंच्या मधे ते आहे. वहीला ते सापडते, कारण वहीत काल काय झाले ते लिहिलेले असते. कॅमेऱ्याला कालची आठवण नसते.

कुणी म्हणेल, आमच्या बहिणाबाईंनीही सुगरणीला आई म्हणून खोपा विणायला लावलाच की. खरे आहे. आपली भाषासुद्धा चुकली, 'सुगरण' म्हणजे बाईच. पण बहिणाबाईंची कविता आम्हाला पक्षिशास्त्र सांगत नाही, ती माणसाला माणसाची गोष्ट सांगते. तिला खोटे ठरवायला कुणी जाऊ नये. छायाचित्राचे तसे नाही. छायाचित्र म्हणते, 'हे असे होते, मी तिथे होतो.' ज्याने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहायचे ठरवले, त्याची उलटतपासणी व्हायलाच हवी. आजची आमची समीक्षा म्हणजे ही उलटतपासणी.

पहिला मुद्दा रूपाचा. लपणातली पक्षिचित्रे अशी सारखी का दिसतात? यामागे इतिहास आहे. जुने कॅमेरे जड, काचा संथ, लेन्स आखूड. पक्षी फ्रेममध्ये मोठा हवा तर तो नक्की कुठे येणार हे आधी ठाऊक हवे, आणि पक्षी नक्की येतो अशी जागा एकच, घरटे. म्हणून जुनी पक्षिचित्रकला ही बहुतेक घरट्यांची चित्रकला होती. चोचीत घास, खाली पिलांच्या उघड्या चोची. सालिम अलींचे मित्र लोके वान थो, सिंगापूरचे चित्रपटगृहांचे मालक, यांचे 'अ कंपनी ऑफ बर्ड्‌स' १९५७ साली आले. त्या काळाचा तो मोठा माणूस, आणि त्याच्या मेहनतीबद्दल आम्हाला आदरच आहे. पण ती मेहनत ज्या अडचणीतून आली, ती अडचण आता राहिलेली नाही. आजचा कॅमेरा जंगलाच्या सावलीतही चालतो, लेन्स लांबून पोचते. अडचण गेली तरी तिच्यापोटी जन्मलेली सवय राहिली. रूढी अशीच असते. कारण मरते आणि कर्मकांड उरते.

त्यात आता नवी भर पडली आहे. कारवारकडच्या जंगलांत, आपल्या सह्याद्रीत, हिमालयाच्या पायथ्याशी, पैसे भरून बसायची लपणे झाली आहेत. समोर पाण्याचे छोटे कुंड, अळ्या, फळे, आणि नेमकी अंतर मोजून रोवलेली शेवाळलेली फांदी. पक्षी तिथे बसणार, मागची झाडी पुरेशी लांब, म्हणजे मागे सगळे धूसर. कुणाला यात पाप दिसत असेल, आम्हाला ते सरसकट दिसत नाही. उन्हाळ्यात पाणी ठेवणे वाईट कसे म्हणावे? त्यातून गावातल्या चार घरांना पैसा मिळतो, आणि पक्षी टिकावा असे त्या घरांना वाटू लागते, ही लहान गोष्ट नाही. आमची हरकत चित्राला आहे. ती फांदी माणसाने ठेवली, हे चित्र सांगत नाही. ते 'रानातला एक क्षण' म्हणून पुढे येते. नाटकाला नेपथ्य असावे, पण नेपथ्याला जंगल म्हणू नये.

दुसरा मुद्दा जास्त खोल आहे, आणि आमच्या त्या तरुण मित्राच्या नवरंगाशी त्याचा संबंध आहे. नवरंग हा पावसाच्या तोंडावर कोकणात येणारा पक्षी. रंग एवढे भडक, पण दिसतो किती जणांना? आवाज ऐकू येतो, दोन सुरांची शीळ. तुम्ही बघायला जाता तेव्हा झुडपाखालच्या काळोखात पाचोळा हलतो, आणि एवढेच. म्हणजे या पक्ष्याला भेटणे म्हणजे नव्वद टक्के न भेटणे. त्याचे लपणे हा आपल्या पाहण्यातला अडथळा नव्हे, तो त्याचा स्वभाव आहे, त्याचे जगणे त्यावर चालते. आता फोटोत बघा. उजेडात, मोकळ्यावर, आडवा पूर्ण देह. सगळे आले, फक्त त्याचे लपणे तेवढे गेले. आम्ही त्या मुलाला विचारले, "पाच तासांतला हा पक्षी किती वेळ दिसला?" तो म्हणाला, "चार-पाच सेकंद." मग उरलेले चार तास एकोणसाठ मिनिटे कुठल्या चित्रात आहेत? तू ज्याला 'वाट बघणे' म्हणतोस तेच नवरंगाचे खरे दर्शन होते, आणि ते तू बादलीतले पाणी ओततात तसे ओतून दिलेस.

लाजऱ्या पक्ष्याचे चांगले चित्र त्याच्या लाजरेपणासकट असावे, असे आम्हाला वाटते. अर्धा पानाआड. किंवा चौकटीत लहानसा, भोवती त्याचे रान. फ्रेममध्ये पक्षी कमी आणि जागा जास्त. अशी चित्रे स्पर्धेत मागे पडतात हे आम्हाला ठाऊक आहे. पण स्पर्धेचा परीक्षक आणि चित्राचा समीक्षक, दोघांची कामे वेगळी आहेत.

आता तिसरा मुद्दा. हा सांगायला आम्हाला थोडे जड जाते, कारण यात आम्ही स्वतः आहोत.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या पावसाळ्यात काही परिचित मंडळींबरोबर आम्ही आपल्याच जिल्ह्यातल्या एका ओहोळावर गेलो होतो. जागा सांगत नाही, मुद्दामच. ओहोळाच्या मातीच्या काठात तिबोटी खंड्याचे बीळ होते. ज्यांनी पाहिला नसेल त्यांना सांगतो, चिमणीहूनही लहान, निळा-केशरी-जांभळा, रत्नासारखा. पावसाळ्यात आपल्याकडे वीण करतो. कापडी लपण आधीच लावलेले होते. बिळासमोरच्या वेली कापलेल्या होत्या, चित्र स्वच्छ यावे म्हणून. एक काटकी रोवलेली होती, पक्ष्याला बसायला. आम्हाला तेव्हा त्यात काही खटकले नाही. खटकले असे आज म्हटले तर ते खोटे होईल.

पक्षी आला. चोचीत सापसुरळी होती. काटकीवर बसला आणि बसूनच राहिला. पाच मिनिटे, दहा मिनिटे. मान इकडे, मान तिकडे. उडाला, पुन्हा आला, पुन्हा बसला. लपणात आनंदीआनंद. "काय पोझ देतोय!" असे कुणीतरी कुजबुजले, आणि आम्हीही हसलो. त्यातला एक फोटो त्या मंडळींनी आम्हाला मोठा करून भेट दिला. आमच्या बाहेरच्या खोलीत तो नऊ वर्षे होता. येणारा-जाणारा वाहवा करी.

एकदा नारळ पाडायला येणारे गृहस्थ पाणी प्यायला आत आले. फोटोसमोर उभे राहिले. वाहवा केली नाही. म्हणाले, "सर, याच्या तोंडात घास आहे. मग हा घरात का जात नाही? दारात कुणी उभं होतं का?"

मंडळी, आम्ही प्रमाणशास्त्र शिकवले. प्रत्यक्ष, अनुमान, धूर आणि अग्नी. नऊ वर्षे धूर समोर भिंतीवर होता आणि अग्नीचे अनुमान आम्हाला करता आले नाही. ते नारळ पाडणाऱ्या माणसाने केले. चोचीत घास असताना बाप किंवा आई आत जात नाही, याला एकच कारण असते. त्याला आम्ही दिसत होतो. माणूस म्हणून नसेल, पण काल नव्हते ते काहीतरी म्हणून. ज्याला आम्ही पोझ म्हणत होतो ती भीती होती, आणि तेवढा वेळ आत पिले उपाशी होती.

आठवड्याने ते बीळ रिकामे होते असे नंतर कानावर आले. सापाने नेले असेल, उडूनही गेली असतील. आमच्यामुळेच झाले असे सिद्ध करता येणार नाही. पण कापलेल्या वेली परत जागेवर लावता येत नाहीत, आणि ज्या दारावरचा पडदा आम्ही काढला ते दार आमच्याइतकेच सापालाही दिसत होते.

फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्र यांच्या १९४३ च्या ग्रंथात एक प्रसंग आहे. एक माणूस किल्लीच्या भोकातून आत बघतो आहे. बघण्यात तो इतका गढला आहे की स्वतःचे भानच नाही. तेवढ्यात मागे पावले वाजतात, आणि एका क्षणात त्याला कळते की मी कोण आहे: मी भोकातून बघणारा माणूस आहे. लाज तिथे जन्मते. लपणाची अडचण अशी की तिथे मागे पावले वाजत नाहीत. आमची पावले नऊ वर्षांनी वाजली, तीही अनवाणी.

कायद्याची एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाची व्याख्या आहे. वन्य पक्ष्यांच्या बाबतीत अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणे हेही त्या व्याख्येत येते. लोक म्हणतात कायद्याची भाषा रुक्ष. आम्हाला तर ही व्याख्या मोठी सूक्ष्म वाटते. पारध्याची गाय आणि आमचे कापडी लपण यांच्यातले जुने नाते कायद्याने बरोबर ओळखले आहे.

मग कॅमेरा फेकून द्यावा का? नाही. आणि इथे दुसऱ्या बाजूचे म्हणणे पूर्ण ताकदीने मांडले पाहिजे, नाहीतर ही समीक्षा राहणार नाही, प्रायश्चित्त होईल.

रानपिंगळ्याची हकीकत घ्या. खानदेशातल्या जंगलांतला हा छोटा घुबड. एकोणिसाव्या शतकात मारून संग्रहालयात ठेवलेले जेमतेम सात नमुने, खात्रीचा शेवटचा १८८४ चा. मग शतकभर काही नाही. रिचर्ड माइनर्टझागन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १९१४ मध्ये गुजरातेत एक मिळवल्याचा दावा केला होता, आणि त्या दाव्यामुळे लोक चुकीच्या ठिकाणी शोधत राहिले. पामेला रासमुसेन यांनी तपासून दाखवले की तो नमुना संग्रहालयातून चोरलेला आणि पुन्हा नव्याने भरलेला होता. मग त्या आणि त्यांचे दोन सहकारी जुन्या, खऱ्या नोंदींच्या मागे निघाले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा दिवसाढवळ्या, पानगळ झालेल्या झाडावर बसलेला सापडला. पुरावा काय आणला? मारलेला पक्षी नव्हे, तर फोटो आणि चित्रफीत.

म्हणजे बघा, ज्या पुराव्यात पक्षी मेलेला होता तो पुरावा खोटा निघाला, आणि जिवंत पक्ष्याच्या फोटोने सत्य सांगितले. सालिम अलींच्या पिढीला बंदूक चालवावी लागली, नमुने मारून जमवावे लागले. त्या बंदुकीची जागा कॅमेऱ्याने घेतली, ही माणसाच्या पाहण्यातली खरी प्रगती आहे. आमच्या खंड्याच्या लाजेपायी आम्ही ती नाकारणार नाही. पण रानपिंगळ्याच्या फोटोचे बळ त्याच्या सौंदर्यात नव्हते. कोणी, कुठे, केव्हा, कसा पाहिला, हे सगळे त्याच्या बरोबर आले होते. माइनर्टझागनचा नमुना देखणा असेलही, पण त्याच्या सोबतची चिठ्ठी खोटी होती. पुरावा चिठ्ठीत असतो, मंडळी.

तेव्हा आमचे मागणे एवढेच की चित्राबरोबर चिठ्ठी हवी, आणि खरी हवी. लपण किती दूर होते, किती वेळ बसलात, पाणी-अळ्या ठेवल्या होत्या का, आवाज वाजवून बोलावले का, फांदी तुमची की झाडाची. घरटे असेल तर माझे मत विचाराल तर काढूच नका. कुणी अभ्यासासाठी परवानगीने काढत असेल तर त्याने जुन्या लोकांचा नियम पाळावा: लपण एकदम जवळ लावायचे नाही, दिवसादिवसाने सरकवायचे. फांदी कापायची नाही, दोरीने बाजूला बांधायची आणि निघताना सोडायची. आणि पक्षी चोचीत घास घेऊन बसून राहिला तर बटण दाबायचे नाही, उठून जायचे. तेवढी खूण लक्षात ठेवलीत तरी आजचे व्याख्यान सार्थकी लागले.

त्या तरुण मित्राला आमचे उत्तर असे. तुझा नवरंग खोटा नाही. तो अपुरा आहे, आणि तू त्याला पुरा म्हणतोस तिथे चुकतोस. खाली लिही, 'पाच तासांतले चार सेकंद'. मग ते चित्र खरे होईल.

आणि आमच्या भिंतीवरचा फोटो? तो आम्ही फाडला नाही. फाडणे सोपे होते. तो अजून तिथेच आहे. खाली एक पट्टी चिकटवली आहे, आमच्याच अक्षरात: 'दारात आम्ही उभे होतो.' आता येणारे-जाणारे वाहवा करत नाहीत. विचारतात, आणि मग आम्हाला ही सगळी हकीकत सांगावी लागते.

उद्या सकाळी थळच्या किनाऱ्यावर कुणी जाणार असाल, तर होड्या लागतात त्याच्या जरा पलीकडे ओहोटीला चिखल्या उतरतात. खांदेरी समोर असते. लपण लागत नाही. खाली बसायचे आणि हलायचे नाही. थोड्या वेळाने त्या आपल्याला धरतच नाहीत, किंवा धरतात आणि सोडून देतात. आपण दिसत असतानाही त्यांनी आपल्याला राहू दिले, यात जे सुख आहे ते आम्हाला कुठल्याही लपणात मिळालेले नाही.

थांबतो. प्रश्न असतील तर विचारा, वेळ आहे.